व्हिस्की म्हणजे नेमके काय?

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यातील सर्वंकष आर्थिक व व्यापार करारावर स्वाक्षऱ्या झाल्या. हजारो वस्तूंच्या त्या याद्यांमधून मथळ्यांनी जी वस्तू प्रथम उचलली ती स्कॉच व्हिस्की. स्कॉचवरील १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ टक्क्यांवर आणि दहा वर्षांच्या अवधीत ४० टक्क्यांवर आणण्याचे या करारात ठरले. त्यानंतरची सारी चर्चा दोनच प्रश्नांभोवती फिरत राहिली: बाटली किती रुपयांनी स्वस्त होणार, आणि देशी उत्पादकांचे काय होणार? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. तिसरा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. ज्या मालाचे संरक्षण करायचे की नाही यावर आपण वाद घालत आहोत, तो माल व्हिस्की आहे का?

आकारमानाने पाहिले तर जगात सर्वाधिक व्हिस्की भारतात प्यायली जाते. जगातील सर्वाधिक खपाच्या व्हिस्कींची यादी काढली, तर वरच्या काही जागा मॅकडॉवेल्स, रॉयल स्टॅग, ऑफिसर्स चॉइस, इम्पीरियल ब्ल्यू अशा भारतीय नावांनी व्यापलेल्या दिसतात. २०२२ मध्ये तर बाटल्यांच्या संख्येत भारताने फ्रान्सला मागे टाकले आणि तो स्कॉचचा सर्वांत मोठा ग्राहक ठरला. तरीही देशातील एकूण व्हिस्कीत स्कॉचचा वाटा दोन-तीन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांतील बहुतांश बाटल्या युरोपच्या बाजारात व्हिस्की या नावाने विकताच येणार नाहीत. युरोपीय संघाचा नियम स्पष्ट आहे. व्हिस्की धान्यापासूनच व्हायला हवी, ती लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरायला हवी, त्या पिंपाची क्षमता ७०० लिटरपेक्षा अधिक नसावी आणि बाटलीतील मद्यार्काचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी नसावे. आपल्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे मद्यविषयक नियम २०१८ मध्ये तयार झाले आणि पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून लागू झाले. त्यांनुसार शेतीतून निघालेल्या तटस्थ मद्यार्कालाही व्हिस्कीचा पाया म्हणून मान्यता आहे. ऊस शेतातच पिकतो. त्यामुळे साखर कारखान्यातली मळीही या व्याख्येत सहज बसते.

हा भेद कागदावर रुक्ष वाटतो. जिभेवर तसा वाटत नाही. सेवानिवृत्तीनंतर आम्ही चार-पाच समवयस्क महिन्यातून एकदा एकत्र बसतो. हेतू प्रमाणात पिण्याचा, आणि त्याहूनही तुलना करण्याचा. पाच सारखे पेले मांडायचे, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळते, म्हणजे वास एकवटतो. बाटल्या आत ठेवायच्या आणि पेल्यांना केवळ क्रमांक द्यायचे. बर्फ नाही, सोडा नाही; आधी हुंगणे, मग एक घोट, मग चमचाभर साधे पाणी आणि पुन्हा एक घोट. चहाच्या लिलावाआधी चाखणारे लोक ज्या शिस्तीने पेल्यांच्या रांगेसमोरून जातात, तीच ही शिस्त.

पहिल्या पेल्यात स्कॉटलंडच्या आयला बेटावरची व्हिस्की असते. तिथे मोड आणलेले जव वाळवताना दलदलीत साठलेल्या पीट नावाच्या वनस्पतिजन्य थराचा धूर दिला जातो. तो धूर, समुद्राची खार आणि इस्पितळातल्या आयोडिनची आठवण करून देणारा दर्प या व्हिस्कीत उतरतो. पहिल्या वेळी अनेकांना ती औषध वाटते; तिसऱ्या वेळी तेच लोक तिची वाट पाहू लागतात. दुसऱ्या पेल्यात स्पेसाइड खोऱ्यातली, शेरीच्या पिंपात मुरलेली: मनुका, सुके अंजीर, भाजलेला बदाम. तिसरी आयरिश. मोड आणलेले आणि न आणलेले जव एकत्र घेऊन ती बहुधा तीनदा ऊर्ध्वपातित केलेली असते. म्हणून ती अंगाने हलकी, किंचित साईसारखी लागते. चौथी अमेरिकन बर्बन. निम्म्याहून अधिक मका आणि आतून जाळून कोळसा केलेले कोरे ओक पिंप, हे तिथल्या कायद्याचेच बंधन असल्यामुळे व्हॅनिला आणि करपलेल्या साखरेचा गोडवा तिच्यात अपरिहार्यच आहे. या चारही पेल्यांत पाणी घातले की वास उमलतो. जे आधी मिटलेले होते ते उघडते.

पाचव्या पेल्यात आम्ही एकदा देशातली एक अतिशय लोकप्रिय, मध्यम किमतीची व्हिस्की ठेवली होती. रंग उत्तम, अंबरी, चौघींहून गडद. वासही आरंभी गोडसर आणि आश्वासक. पाणी घालताच मात्र सारे विरून गेले. मागे राहिली ती मद्यार्काची सपाट जळजळ आणि जिभेवर कॅरॅमलचा लेप. आमच्यातले एक गृहस्थ आयुष्यभर वित्त खात्यात होते. ते म्हणाले, ‘‘याचा ताळेबंद जुळतो, पण मालमत्ता कुठे दिसत नाही.’’ तटस्थ मद्यार्काचे हेच वैशिष्ट्य असते. ऊर्ध्वपातन स्तंभातून त्याला इतके शुद्ध केले जाते, की तो धान्याचा आहे की मळीचा हे वासावरून ओळखता येऊ नये. स्वच्छता हा त्याचा गुण. मग त्याला रंग, स्वाद आणि थोडी माल्ट व्हिस्की देऊन ‘व्हिस्की’ बनवायचे. यात आरोग्याला विशेष धोका आहे असे कोणी म्हणत नाही. प्रश्न नावाचा आहे.

नावाचा हा वाद आपल्याकडेच उद्भवला असे मानण्याचे कारण नाही. तो सर्वांत कडवटपणे लढला गेला तो खुद्द ब्रिटनमध्ये. एकोणिसाव्या शतकात स्तंभ-भट्टीचा शोध लागला आणि स्वस्त धान्य मद्यार्क अखंडपणे निघू लागला. त्यात थोडी माल्ट व्हिस्की मिसळून विकणारे व्यापारी श्रीमंत झाले. तांब्याच्या जुन्या पात्रांत व्हिस्की काढणारे चिडले. १९०५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातील पालिकेने काही दुकानदारांवर, व्हिस्कीच्या नावाखाली भलतेच विकल्याबद्दल खटले भरले. खालच्या न्यायालयाने दुकानदारांना दोषी धरले आणि साऱ्या धंद्याचे धाबे दणाणले. प्रकरण रॉयल कमिशनपर्यंत पोहोचले. १९०९ मध्ये त्या आयोगाने निर्णय दिला तो मिश्रण करणाऱ्यांच्या बाजूने: स्तंभ-भट्टीतून निघालेला धान्याचा मद्यार्कही व्हिस्कीच. म्हणजे आज ज्या शुद्धतेच्या नावाने स्कॉच आपल्याला धडे देते, ती शुद्धता शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मोठ्या भांडवलाशी तडजोड करून ठरली आहे.

तीन वर्षांच्या अटीची कथा तर याहून रोचक आहे. तिचा उगम चवीत नाही. पहिल्या महायुद्धात शस्त्रनिर्मितीच्या कारखान्यांतले कामगार पिऊन गैरहजर राहतात, अशी लॉइड जॉर्ज यांची तक्रार होती. दारू हा जर्मनीहूनही मोठा शत्रू आहे, असे त्यांचे सांगणे होते. पूर्ण बंदी आणणे राजकीयदृष्ट्या शक्य नव्हते. तेव्हा १९१५ मध्ये, कच्च्या मद्याच्या विक्रीला आळा घालणारा कायदा करून आधी दोन आणि मग तीन वर्षे मुरवण्याची सक्ती झाली. कच्च्या दारूने माणूस अधिक बेफाम होतो, अशी तेव्हाची समजूत होती. युद्ध संपले, समजूत मागे पडली, अट मात्र टिकली. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. तात्पुरत्या कारणासाठी काढलेला आदेश कारण संपल्यावरही पन्नास वर्षे जगतो, आणि मग त्याला परंपरा म्हणतात.

अमेरिकेत त्याच सुमारास, १९०९ च्या अखेरीस, राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी अशाच वादात स्वतः लक्ष घातले. ते पूर्वी न्यायाधीश होते, आणि त्यांनी काढलेला मार्ग न्यायाधीशाला शोभणारा होता. मुरवलेली, मिश्रण नसलेली व्हिस्की आणि तटस्थ मद्यार्काची व्हिस्की या दोहोंनाही त्यांनी बाजारात राहू दिले. अट एकच घातली: बाटलीवर लिहा. कोणती कोणती आहे हे ग्राहकाला लेबलावरून कळले पाहिजे.

आपण या दोन्ही वळणांवर गेलोच नाही. भारतात धान्याच्या व्हिस्कीची सुरुवात लवकर झाली होती. एडवर्ड डायर यांनी १८५५ मध्ये कसौलीला मद्यनिर्मिती उभारली. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारे जनरल डायर हे याच एडवर्ड यांचे पुत्र. पुढे हा व्यवसाय मीकिन यांच्याशी जोडला गेला आणि १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांच्या हाती आला. सोलन नंबर वन ही त्या घराण्याची माल्ट व्हिस्की अनेक वर्षे सैन्याच्या मेसमध्ये आणि डोंगराळ भागातल्या विश्रामगृहांत मानाने ठेवली जाई. पण मधल्या काळात देशाच्या अर्थकारणाने वेगळी वाट धरली होती. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि उत्तर प्रदेश-बिहारपासून पुढे महाराष्ट्रापर्यंत साखर कारखान्यांचे जाळे पसरले. साखरेबरोबर मळी आली. मळीचे करायचे काय, हा प्रश्न आला. स्वातंत्र्यानंतरच्या अन्नटंचाईच्या वर्षांत गहू-जव दारूच्या भट्टीत घालणे ही पापाहून मोठी गोष्ट होती. मळीपासून मद्यार्क काढणे मात्र देशहिताचेच ठरत होते. मळीच्या मद्यार्काला जगात रम म्हणतात. आपण त्याला रंग देऊन व्हिस्की म्हटले, आणि कायद्याच्या भाषेत त्याला एक विलक्षण नाव बहाल केले: भारतीय बनावटीचे विदेशी मद्य. स्वतःशीच विसंगत असा शब्दप्रयोग इतकी दशके अधिकृत दप्तरात नांदल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

त्या काळी यात गैर काही नव्हते. गरजेतून निघालेला तो मार्ग होता. पण गरज संपल्यावरही तो राहिला. आता तर पारडे उलटे फिरले आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे मळी, तुकडा तांदूळ आणि मका या तिन्हींना इंधन कंपन्यांचे गिऱ्हाईक मिळाले असून मद्यनिर्मात्यांना त्यांच्याशी स्पर्धा करावी लागत आहे. अनेक मोठ्या कंपन्या मळीकडून धान्याकडे वळल्या आहेत. तरीही बाटलीवर आतल्या मद्यार्काचा उगम ठळकपणे सांगण्याची पद्धत नाही. ‘स्कॉच माल्टसह मिश्रित’ ही ओळ मात्र सोनेरी अक्षरांत असते. त्या माल्टचे प्रमाण किती, हे विचारू नये.

शुल्क कपातीचा सर्वांत मोठा लाभ नेमका इथेच होणार आहे, आणि ही गोष्ट चर्चेत पुरेशी आलेली नाही. भारतात येणाऱ्या स्कॉचचा मोठा भाग बाटलीबंद नसतो. तो मोठ्या प्रमाणावर सुटा येतो. त्यातला काही इथे बाटल्यांत भरला जातो, काही देशी व्हिस्कीत मिसळला जातो. शुल्क निम्म्यावर आले की हा कच्चा माल स्वस्त होतो. मोठ्या देशी कंपन्या या कराराला घाबरलेल्या नाहीत, त्याचे कारण हे आहे. ज्यांना घाबरण्याचे कारण आहे ते थोडे निराळे लोक आहेत: जवापासून, तांब्याच्या पात्रात, ओकच्या पिंपात खरीखुरी व्हिस्की बनवणारे.

त्यांची कथा गेल्या वीस वर्षांतली आहे. बेंगळुरूची अमृत डिस्टिलरीज १९४८ मध्ये स्थापन झाली. जगदाळे हे मराठी आडनाव लावणाऱ्या कुटुंबाची ही कंपनी. तिने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट विक्रीला आणली ती बेंगळुरूत नव्हे, ग्लासगोमध्ये. भारतीय ग्राहक भारतीय सिंगल माल्टला हात लावणार नाही, तिला आधी परदेशी शिक्का हवा, हा त्यामागचा हिशेब होता. आणि तो दुर्दैवाने अचूक होता. भारतीय जव आणि स्कॉटलंडचा पीटचा धूर दिलेला जव यांच्या संयोगातून आलेल्या ‘फ्यूजन’ला समीक्षक जिम मरे यांनी आपल्या २०१० च्या मार्गदर्शिकेत जगात तिसरे स्थान दिले, तेव्हा कुठे दिल्ली-मुंबईच्या दुकानांत तिची विचारणा सुरू झाली. पाठोपाठ गोव्यातून पॉल जॉन आली, २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातून रामपूर, २०२१ मध्ये हरियाणातून इंद्री. २०२३ मध्ये देशातील सिंगल माल्टच्या विक्रीत भारतीय सिंगल माल्टने आयात केलेल्या सिंगल माल्टला मागे टाकल्याचे भारतीय मद्य उत्पादकांच्या महासंघाने जाहीर केले.

चवीच्या अंगाने पाहता या व्हिस्की स्कॉचची नक्कल नाहीत, आणि हीच त्यांची खरी कमाई आहे. राजस्थान-हरियाणाकडचे सहा ओळींचे जव स्कॉटलंडच्या दोन ओळींच्या जवापेक्षा पिष्टाने कमी आणि प्रथिनांनी अधिक. मद्य कमी निघते, पण अंगाने तेलकट, भरीव निघते. उष्ण हवेत पिंपाचे लाकूड आपला गुण झपाट्याने देते. म्हणून पिकलेल्या आंब्या-फणसाच्या जवळ जाणारा गोडवा, मसाल्याचा तिखटपणा आणि ओकचा ठसका चार-पाच वर्षांतच येतो. आमच्या बैठकीत क्रमांक लावलेल्या पेल्यांमध्ये बेंगळुरूची व्हिस्की दोनदा पहिली आली. एकदा ती शेवटचीही आली. लाकूड जरा जास्त झाले आहे असा बहुतेकांचा शेरा होता, आणि तो रास्त होता. उष्ण हवेतल्या मुरवणीची ही दुसरी बाजू आहे. वेळेवर पिंप रिकामे केले नाही, तर लाकूड माल्टला गिळून टाकते.

हवामानाची किंमत बाष्पीभवनातही मोजावी लागते. मुरताना पिंपातून जे उडून जाते त्याला स्कॉटलंडमध्ये देवदूतांचा वाटा म्हणतात. तिथे तो वर्षाला सुमारे दोन टक्के. बेंगळुरूत तो दहा टक्क्यांच्या पुढे जातो. साधा गुणाकार करून पाहा. दोन टक्क्यांनी बारा वर्षांनंतर पिंपात ७८ टक्के माल शिल्लक राहतो. दहा टक्क्यांनी अवघा २८. अमृतने २०१३ मध्ये आठ वर्षे मुरलेली व्हिस्की काढली, तेव्हा तिचे नावच ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरे देवदूत, असे ठेवले. बारा वर्षे, अठरा वर्षे हे आकडे स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत जन्माला आलेले आहेत. भारतीय व्हिस्कीला तेच माप लावणे म्हणजे हापूस आंबा सफरचंदाच्या साठवणुकीच्या दिवसांवर जोखण्यासारखे आहे.

म्हणूनच तीन वर्षांच्या अटीत हवामानाचा विचार व्हावा, अशी मागणी भारतीय उत्पादकांनी व्यापार वाटाघाटींच्या काळात लावून धरली होती. ब्रिटनने ती मान्य केली नाही. मागणीत तथ्य आहे, असे माझे मत आहे. युद्धकाळात दारूबंदीला पर्याय म्हणून घातलेली मुदत निसर्गनियम म्हणून सांगणे हा इतिहासाशी खेळ आहे. पण ही मागणी करताना आपले पाय कुठे रोवलेले होते? ज्या देशाच्या स्वतःच्या कायद्यात व्हिस्की एक दिवसही मुरवण्याची गरज नाही, त्याने दुसऱ्याच्या तीन वर्षांवर हरकत घेतली की समोरचा मुद्दा ऐकत नाही. तो फक्त हसतो. जपानची तुलना उद्बोधक आहे. तिथेही आयात केलेली स्कॉच मिसळून ‘जपानी व्हिस्की’ विकण्याचा प्रकार वर्षानुवर्षे चालू होता. जगभर नाव झाल्यावर तिथल्या उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये स्वतःच कडक व्याख्या ठरवली आणि एप्रिल २०२४ पासून ती पूर्णतः लागू केली. सरकारने बडगा उगारण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. आपल्या नावाची किंमत त्यांना कळली होती.

नावाची किंमत आपल्यालाही कळते; फक्त ती दुसऱ्या वस्तूंच्या बाबतीत. दार्जिलिंग चहा ही भारतात भौगोलिक निर्देशांक मिळालेली पहिली वस्तू. परदेशात कोणी भलत्या पानांना दार्जिलिंग म्हटले की आपण कायदेशीर नोटीस पाठवतो. बासमतीसाठी तर आपण अनेक देशांत झगडत आहोत. गोव्याच्या काजूच्या फेणीला २००९ मध्येच तो दर्जा मिळाला. नावाच्या बाबतीत परदेशात काटेकोर आणि घरात उदार, ही भूमिका फार काळ निभावत नाही.

व्याख्या बदलण्यात अडथळा कुठे आहे हे पाहायला राज्यांच्या तिजोरीकडे वळावे लागते. संविधानाच्या सातव्या अनुसूचीने मद्य आणि त्यावरील उत्पादनशुल्क राज्यांकडे दिले. वस्तू व सेवा कर आला तेव्हा पिण्याचे मद्य त्यातून वगळले गेले. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक मद्यार्कावरही राज्यांचा अधिकार मान्य केला. वस्तू व सेवा कराने राज्यांचे हात बांधल्यानंतर मनाजोगा कर बसवण्यासाठी जी थोडी साधने उरली, त्यांत मद्य हे सर्वांत मोठे. अनुच्छेद ४७ मद्यपानबंदीकडे जायला सांगतो, अर्थसंकल्प मद्यविक्रीकडे. आणि जिल्ह्यात काम केलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने या दोन आज्ञांच्या मधोमध कधी ना कधी फाइल लिहिलेली असते.

महसुलाची ही गरज मुरवणीच्या मुळावर येते. आज निघालेला मद्यार्क या तिमाहीत विकला गेला तर कर या तिमाहीत मिळतो. पिंपात ठेवला तर चार वर्षे काहीच नाही, शिवाय तिसरा हिस्सा हवेत जातो, आणि त्या उडालेल्या मालाचा हिशेबही उत्पादनशुल्क खात्याला पटवून द्यावा लागतो. लेबलची नोंदणी राज्यागणिक निराळी, दराची मंजुरी निराळी, वाहतूक परवाना निराळा. एका राज्यात बनलेली व्हिस्की दुसऱ्या राज्यात नेणे हे पुष्कळदा ती परदेशी पाठवण्याहून कठीण असते. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात केलेल्या स्कॉचवरील उत्पादनशुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले. जून २०२५ मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट केले आणि त्याच वेळी धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ या नव्या स्वस्त वर्गाला मान्यता दिली. प्रत्येक निर्णयाला त्याचे त्याचे कारण होते. त्यांतून दिसणारी दिशा मात्र तिजोरीची आहे. पेल्यात काय आहे याची नाही.

याच महाराष्ट्र सरकारच्या शेवटच्या निर्णयात एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. नव्या वर्गाचे मद्य धान्याचेच असावे अशी अट त्यात आहे, आणि त्याला व्हिस्की, रम वा ब्रँडीचे उसने नाव न देता वेगळे नाव दिले गेले. हेतू महसुलाचा असला तरी, स्वस्त मद्याला स्वतःचे नाव देता येते हे त्यातून दिसून आले.

या साऱ्यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नाही. व्याख्यांची ही चिकित्सा म्हणजे सुखवस्तू शौकिनांची हौस आहे, असे काही मित्र म्हणतात. सामान्य माणसाला पंधरा-वीस रुपयांच्या फरकाने परवडणारी बाटली निवडायची असते. कायदेशीर मद्य महाग झाले की तो विषारी हातभट्टीकडे वळतो. जून २०२४ मध्ये तमिळनाडूतील कल्लकुरिची येथे मिथेनॉलमिश्रित दारूने साठहून अधिक माणसे दगावली. हा धोका मी हलक्यात घेत नाही. म्हणूनच तटस्थ मद्यार्कावर बंदी घालावी असे मी म्हणत नाही. तो स्वच्छ आहे, तुलनेने सुरक्षित आहे, स्वस्त आहे. त्याला बाजारात त्याची जागा राहू द्यावी. मात्र ज्या मजुराच्या दिवसाच्या कमाईचा मोठा भाग त्या बाटलीवर जातो, त्यालाच ती कशापासून बनली हे सांगण्याची गरज नाही, असे म्हणणे मला गरिबांची बाजू घेणे वाटत नाही. महागड्या बाटलीच्या ग्राहकाला लेबलावर पिंपाचा प्रकारसुद्धा वाचायला मिळतो. स्वस्त बाटलीच्या ग्राहकाला फक्त एक घोडेस्वार किंवा एक काळवीट.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ‘पीटर स्कॉट’ या बेंगळुरूच्या व्हिस्कीच्या नावावरून झालेला वाद निकाली काढला. स्कॉच व्हिस्की असोसिएशनने आक्षेप घ्यायला बारा वर्षांचा विलंब लावला, हे निकालामागचे प्रमुख कारण होते. त्याबरोबर न्यायालयाने असेही नोंदवले, की स्कॉच विकत घेणारा माणूस पैशाचे मोल जाणणारा, जाणकार असतो. नुसत्या नावाने तो फसणार नाही. स्कॉचच्या ग्राहकाबाबत हे खरे असेल. पण देशातल्या सत्त्याण्णव टक्के बाटल्यांच्या ग्राहकाला जाणकार होण्यासाठी लागणारी माहितीच कोणी देत नाही.

काय करता येईल, हे फार गुंतागुंतीचे नाही. मद्यार्क धान्याचा की मळीचा, त्यात माल्टचे प्रमाण किती, आणि त्यातला सर्वांत कोवळा भाग किती महिने लाकडात होता, या तीन ओळी पुढच्या लेबलावर ठळक अक्षरांत हव्यात. जे मुरलेलेच नाही त्याला व्हिस्कीऐवजी दुसरे नाव शोधण्यासाठी उत्पादकांना पुरेशी मुदत द्यावी. पाच वर्षे दिली तरी हरकत नाही. भारतीय सिंगल माल्टची व्याख्या मात्र आजच कडक करावी, म्हणजे सुटी आलेली स्वस्त स्कॉच उद्या ‘भारतीय’ नावाने परत विकली जाणार नाही. शुल्क घटत जाईल तसा हा मोह वाढणार आहे. ही कसोटी घरात उभी राहिली, की हवामानानुसार मुरवणीच्या मुदतीचा मुद्दा पुढच्या फेरीत मांडायला आपल्या वाटाघाटीकारांच्या हाती काही तरी असेल.

राज्यांची संमती यातल्या कशालाही लागत नाही. दर, परवाने आणि शुल्क राज्यांचे. अन्नपदार्थांतील भेसळ हा विषय मात्र समवर्ती सूचीत आहे, आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली लेबल कसे असावे हे ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या प्राधिकरणाकडे आहे. हे प्राधिकरण आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, व्यापार करार वाणिज्य मंत्रालयाच्या. दोन मंत्रालयांमधल्या या फाइलला ब्रिटनच्या सहीची गरज नाही, आणि करारातील शुल्क ४० टक्क्यांवर यायला जी दहा वर्षे ठरली आहेत, तेवढा काळ तिला लागण्याचेही कारण नाही.